अर्धं शटर

सतरा सप्टेंबर. झेंडा झाला, पेढा खाल्ला,
आणि पावतीपुस्तक खिशात घालून
मी उदगीरच्या बाजारात शिरलो.
सुट्टीच्या दिवशी काम असलेला गावात मी एकटाच,
असं मला तेव्हा वाटायचं.

बंद दुकानं वाचता येतात.
कुलूप बाहेरून, तर मालक घरी.
कुलूप नाही, तर मालक आत.
पायरीवर चपला, तर गिऱ्हाईकही आत.
मलशेट्टींच्या कापडदुकानाला दोन कुलपं असायची,
एक दुकानासाठी, एक माझ्यासाठी.

दूध चालतं, फुलं चालतात,
औषधं चालतात, तिरडीचं सामान चालतं.
यादी मला तोंडपाठ.
बांगड्या यादीत नव्हत्या.

चांदपाशा मणियाराचं शटर
जमिनीपासून वीतभर वर,
आणि पायरीवर एक बाई, गाल पत्र्याला टेकलेला,
उजवा हात कोपरापर्यंत आत,
हौदात पडलेली किल्ली चाचपावी तसा.
आतून आवाज, "ढीला छोडो अम्मा, हात ढीला."
मग काचेवर काच.

मी शटर वाजवलं.
"दुकान बंदच है साब. देखो ना, शटर नीचे है."
बाई उठली नाही. उठता येत नव्हतं तिला.
एक बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली होती.

नाव विचारलं. कोंडाबाई. दाळमिलात, चाळणीवर.
म्हटलं, दुसऱ्या दिवशी यायचं.
"दुसऱ्या दिशी मिल असती.
मला सुट्टी असती त्या दिशी तुमचं गाव बंद.
मग त्या सुट्टीचं मी काय करू सायेब,
भाजून खाऊ?"

मला सांगायचं होतं तिला,
निलंग्याच्या पेढीवर माझा थोरला भाऊ गुमास्ता होता,
तागे उलगडायचा, तागे गुंडाळायचा,
रात्री त्याच ताग्यांवर झोपायचा.
कायद्यानं पहिला सोमवार मिळाला
त्या दिवशी घरी येऊन तो असा झोपला
की आईनं नाकापुढं सूत धरून बघितलं.
हा कायदा त्याचा आहे, बाई. त्याच्या झोपेचा.

सांगितलं नाही.
विचारलं, "नोकर किती?"
शटरखालून हसू आलं.
"नोकर मैं, मालक मैं. साब,
मेरेकूच मेरेसे छुट्टी दिलाते क्या?"

पन्नास रुपये. कार्बन सरळ करून मी पावती लिहिली.
वीतभर फटीतून आधी नोटा बाहेर आल्या,
मग पावती आत गेली,
मग शटर पूर्ण खाली आलं,
आदेशाप्रमाणे.

कोंडाबाई उभी राहिली.
उजव्या हातात सात हिरव्या,
डावा मोकळा.
ती काही बोलली नाही. फक्त डावा हात
पदराखाली घेतला, भाजल्यासारखा,
आणि चौबाऱ्याकडं चालत गेली.
दुसऱ्या दिवशी ती तशीच चाळणीवर बसली असणार.
हे मी अनुमानानं लिहितो,
तपासणीला गेलो नाही.

आता कायदा बदलला. तीनशे पासष्ट दिवस,
वाटेल तेव्हा उघडा.
मी निवृत्त. झेंडा झाला की सवयीनं
बाजारातून चक्कर मारतो.
सगळी शटरं वर. मणियाराच्या जागी मोबाइलचं दुकान,
त्यात एक पोरगा, विशीतला, डोळे तांबडे,
काचेच्या पट्ट्या फुंकून चिकटवणारा.

म्हटलं, आज सुट्टी नाही का रे?
"कसली?" तो म्हणाला.
मी तारीख सांगितली.
त्यानं मोबाइलात बघितलं, खरी निघाली.
"हां," म्हणाला, "म्हणून गर्दी हाय."

माझा हात खिशात गेला होता.
खिशात छातीवर लावायची टाचणी,
कागदी झेंडा,
आणि पेढ्याचा कागद.